पक्षी उडवू नका, उडण्याची वाट बघा

जानेवारीतली पहाट. पुण्यापासून साधारण १०० किलोमीटरवरचं भिगवण, उजनी धरणाचं बॅकवॉटर आणि त्यावर धुकं. हातात भाड्याने आणलेली मोठी लेन्स आणि डोक्यात एकच फोटो : रोहित पक्ष्यांचा म्हणजेच फ्लेमिंगोंचा अख्खा थवा एकदम झेपावतोय आणि पंखांचा लाल-काळा रंग चमकतोय!

रोहित मात्र उथळ पाण्यात माना खाली घालून निवांत चरत होते. तासाभराने न राहवून मी नावाड्यांना म्हटलं, ‘‘दादा, नाव जरा जवळ घ्या ना, म्हणजे उडतील.’’

त्यांनी वल्हं थांबवलं. ‘‘नाय ताई. खायला आलेत ती. उगा कशाला उडवायची? थांबा, आपसूक उडतील.’’

मला लाजच वाटली. पक्ष्याला दर वेळी उडवलं की त्याचं खाणं तुटतं आणि ताकद वाया जाते. दिवसभर अशा दहा नावा आल्या तर त्याने खायचं कधी?

थोड्या वेळाने वरून मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी गेला आणि थवा खरंच उडाला. मी धडाधड ४० फोटो काढले. सगळे हललेले! धुक्यात उजेड कमी म्हणून मी शटर स्पीड १/४०० वर ठेवला होता आणि तो वाढवायचं विसरले होते.

त्या दिवशी शिकलेल्या गोष्टी तुमच्याही कामी येतील.

शटर आधी, बाकी नंतर

उडत्या पक्ष्यासाठी शटर स्पीड किमान १/२००० ठेवा. आयएसओ ऑटोवर टाका. फोटोत थोडे दाणे दिसले तरी चालतात, हललेला फोटो मात्र सुधारता येत नाही. फोकस ‘कंटिन्युअस’वर हवा. पांढरा पक्षी गडद पाण्यावर असेल तर एक्स्पोजर थोडं कमी करा, नाहीतर पिसं नुसती पांढरीफटक दिसतात. उजळ आकाशासमोर काळसर पक्षी असेल तर थोडं वाढवा.

वारा कुठून येतोय?

पक्षी बहुतेक वेळा वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उडतात. म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही आपल्या पाठीशी असतील अशी जागा धरा. पक्षी उडाला तर समोरून येण्याची शक्यता जास्त.

पक्ष्याची भाषा ओळखा

रोहित उडण्यापूर्वी पाण्यावर काही पावलं धावतात. तेव्हाच बटण दाबा. पण आपल्याकडे बघून ते माना वर करून दूर चालू लागले, तर आपण फार जवळ आलोय. तिथेच थांबा, हळूच मागे फिरा.

नाव हलतेच

नावेत ट्रायपॉडचा उपयोग नाही. खाली बसा, कोपर अंगाशी घट्ट धरा. इंजिनाची नाव असेल तर फोटोपुरतं ते बंद करायला सांगा. सकाळचे पहिले दोन-तीन तास सोडू नका. ऊन चढलं की हवा थरथरते आणि महागड्या लेन्सनेही दूरचा पक्षी धूसर येतो.

फक्त मोबाइल असेल तर एकट्या पक्ष्यामागे लागू नका. सूर्योदयाच्या आकाशावर थव्याच्या काळ्या आकृत्या टिपा किंवा स्लो मोशन व्हिडिओ घ्या.

आणि हो, यासाठी भिगवणलाच यायला हवं असं नाही. इंदूरकरांना सिरपूर तलाव आहे, अहमदाबादकरांना थोळ आणि नळसरोवर, म्हैसूर-बंगळुरूकरांना रंगनथिट्टू.

परतताना एक काळा-पांढरा कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबला. दादांनी न सांगताच नाव थांबवली. या वेळी शटर १/२५०० वर होतं. खंड्याने मान खाली वळवली, सूर मारला आणि चोचीत मासा घेऊन वर आला.

रोहितांचा थवा काही मला मिळाला नाही. पण तो खंड्या सध्या आईच्या मोबाइलचा वॉलपेपर आहे आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती तो दाखवते!