तीस मिलीचा हिशेब

दिवाळीच्या सुट्टीत ग्वाल्हेरला मामेभावाकडे जाऊन आलो. लष्कर भागात त्यांचं जुनं घर. घरात सगळे मराठी बोलतात, भांडण मात्र हिंदीत करतात. आपल्याकडे नाही का, राग आला की कन्नड सुरू होतं!

सकाळी जयविलास राजवाडा पाहिला. १८७४ साली बांधलेला. तिथली चांदीची आगगाडी प्रसिद्ध आहे. जेवणाच्या लांबलचक टेबलावर रूळ, आणि त्यावरून मद्याच्या काचेच्या सुरया घेऊन फिरणारी छोटी गाडी. पाहुण्यानं सुरई उचलली की गाडी थांबायची, परत ठेवली की पुढे निघायची. आमची सौ. धारवाडची. ती हळूच म्हणाली, "अहो, यात 'साकु' म्हणायची सोयच नाही की!"

संध्याकाळी गोष्ट घरातच आली. दादांचा मुलगा हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे. वय बावीस. त्यानं बारचं काम शिकायचं ठरवल्यापासून दादा त्याच्याशी कामापुरतंच बोलतात. कारण भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोत आहे. माझे धाकटे मामा दारूपायी पंचेचाळिशीत गेले. त्या काळात रात्री त्यांना शोधायला दादाच सायकलवरून फिरायचे.

पुतण्यानं जेवणाआधी विचारलं, "काका, एक रम तपासायची आहे. बसाल? प्यायची नाही, तपासायची." मी दादांकडे पाहिलं. ते पेपर वाचत होते, म्हणजे वाचत नव्हते.

बाटली जमैकाची, 'रे अँड नेफ्यू'. पाण्यासारखी पांढरी, ६३ टक्के. आपल्याकडच्या रमवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. हा अर्धवट आकडा कुठून आला, हे पोरानं सांगितलं. पूर्वी इंग्रज म्हणे बंदुकीच्या दारूवर रम ओतून काडी लावत. पेटली तर रम खरी, म्हणजे 'प्रूफ'. पुढे मोजमाप आलं आणि ती हद्द ५७ टक्क्यांच्या किंचित वर ठरली. तिचे पाऊण म्हणजे ४२.८, म्हणून '७५ प्रूफ'. दारूवरून दारूची परीक्षा! मराठीत दोन्हींना एकच शब्द, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

आधी त्यानं देवघरातली निरांजनं लांब ठेवायला सांगितली. ही रम पेट घेते. मग चमचाभर रम छोट्या ग्लासात ओतली. नाक आत खुपसायचं नाही, ग्लास हनुवटीशी धरून तोंड किंचित उघडं ठेवायचं. आधी पिकलेलं केळं आलं, मग अननस. आणि मागून जे आलं त्यानं मी थेट चिकोडीच्या वाटेवर पोचलो. हंगामात कारखान्यावरून जाताना येतो तो मळीचा वास! शेवटी रमही उसाचीच लेक. आपल्या गुऱ्हाळाची, आलेमनेची लांबची नातलग.

थेंबभर जिभेवर घेतली. टोक बधिर झालं, चव काही कळेना. तितकंच पाणी घातल्यावर मात्र केळं-अननस परत आले. घोट थुंकायला त्यानं शेजारी पेला ठेवला होता. तो पेला दादांनी पाहिला.

मग लिंबू, साखर आणि बर्फ घालून दोन ग्लास केले. एकात साधी पांढरी रम, एकात ही. दहा मिनिटं ठेवले. बर्फ विरघळल्यावर साधीचं नुसतं लिंबूसरबत झालं. हिचा वास तसाच टिकला. कॉकटेलला कडक रम लागते ती यासाठी. माझं मत विचाराल तर नुसती प्यायला ही रम काही खरी नाही, पण लिंबाशी तिचं छान जमतं. आणि घोर तिथेच आहे. घशाला काही टोचत नाही, सरबतच वाटतं.

मी तसं म्हणालो तेव्हा पोरानं पेपरच्या कडेला हिशेब मांडला. साध्या रमच्या ३० मिलीत निव्वळ अल्कोहोल १२.८ मिली. हिच्या ३० मिलीत १८.९. म्हणजे जवळजवळ दीडपट. "गिऱ्हाइकाला चवीवरून कळत नाही, काका. मोजून ओतणाऱ्यालाच ठाऊक असतं."

वहिनी पोळ्या करताना थांबल्या होत्या. दादा उठले, बाटली उचलली. मला वाटलं, आता मोरीत जाते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून लेबल वाचलं, मग पेपरवरचे आकडे पाहिले. पोराकडे न बघताच विचारलं,

"मग तीसच्या जागी किती ओतायची?"

"वीस, बाबा. वीसच."

दादांनी पेन मागितलं आणि वीसचा हिशेब स्वतः करून पाहिला.