विश्लेषण: कोकणातले जुने घर घेताना फक्त सातबारा पाहून चालेल का?

राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावर, श्रीवर्धन तालुक्यात दिघी हे गाव आहे. समोरच्या तीरावर आगरदांडा, खाडीच्या तोंडाशी जंजिरा. बंदर, औद्योगिक क्षेत्र आणि सागरी महामार्ग यांमुळे या भागाचे नाव गेल्या काही वर्षांत सतत चर्चेत आहे. जमिनींबरोबर गावठाणातील जुन्या कौलारू घरांचीही चौकशी होऊ लागली आहे. असे घर घेताना वकील कागद तपासतो, बँक किंमत तपासते. पण भिंती, वासे आणि जोते किती काळ टिकणार, हे कोण तपासते? बहुतेक व्यवहारांत कोणीच नाही. अशी तपासणी का हवी आणि तीत काय पाहावे, याचा हा आढावा.

दिघी परिसर चर्चेत का?

दिवाळखोरी प्रक्रियेत गेलेले दिघी बंदर फेब्रुवारी २०२१ मध्ये अदानी समूहाने ७०५ कोटी रुपयांना घेतले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात १२ नवी औद्योगिक शहरे मंजूर केली, त्यांत रायगड जिल्ह्यातील दिघी बंदर औद्योगिक क्षेत्राचा समावेश आहे. सुमारे ६,०५६ एकर क्षेत्र आणि ५,४६९ कोटी रुपये खर्चाचा हा प्रकल्प आहे. रेवस-रेड्डी सागरी महामार्गात आगरदांडा-दिघी खाडीपूल प्रस्तावित आहे. आज जंगल जेटीने होणारा प्रवास पुलावरून होऊ लागला, की मुंबईहून येणाऱ्याचे अंतर कमी होईल.

गावठाणातील घरांना मागणी येण्याचे आणखी एक कारण कायद्यात आहे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन थेट विकत घेता येत नाही. गावठाणातील घराला ती अट नाही. त्यामुळे शहरातील नोकरदाराला कोकणात हक्काचे छप्पर हवे असेल, तर जुने घर हा तुलनेने सोपा मार्ग वाटतो. सोपा म्हणून घाईने घेतलेले हे घर पुढे किती खर्च काढेल, याचा अंदाज मात्र व्यवहाराच्या वेळी क्वचितच घेतला जातो.

निसर्ग चक्रीवादळाने काय दाखवले?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. भारतीय हवामान विभागाच्या नोंदीनुसार वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता, झोत १२० किलोमीटरपर्यंत गेले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, अलिबाग या तालुक्यांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौले आणि पत्रे उडाले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून पुढे गेले.

वादळानंतर किनाऱ्यावरील असंख्य घरांची दुरुस्ती पावसाळा तोंडावर असताना, मिळेल त्या साहित्याने झाली. कुठे कौलांच्या जागी पत्रे आले, कुठे जुन्या वाशांना नवे तुकडे जोडले गेले, कुठे ओल्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढला. आज विक्रीला असलेल्या घरात यातले काय झाले आहे, हे रंगकामानंतर दिसत नाही. म्हणून ‘निसर्ग वादळात या घराचे काय झाले होते?’ हा प्रश्न खरेदीदाराने सर्वांत आधी विचारावा. नुकसानीचा पंचनामा झाला असेल, तर त्याची प्रत मागावी.

जुने घर म्हणजे धोकादायक घर का?

तसे नाही. २४ ऑगस्ट २०२० रोजी रायगड जिल्ह्यातच महाड येथे पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला. ती इमारत काही वर्षांपूर्वीच बांधलेली होती. दुसरीकडे नियमित देखभाल झालेली, दोन-तीन पिढ्यांची जांभ्याची घरे कोकणात आजही उभी आहेत. घराच्या वयापेक्षा त्याचे पाणी कुठे जाते, लाकूड कोरडे आहे का आणि मूळ बांधणीत नंतर कोणी काय बदल केले, या गोष्टी अधिक निर्णायक ठरतात.

पारंपरिक कोकणी घर जड भिंती आणि लाकडी सांगाडा यांवर उभे असते. जांभ्याचे चिरे मातीत किंवा चुन्यात रचलेले असतात. तुळया, वासे आणि रीपा छपराचा भार भिंतींवर आणि खांबांवर उतरवतात. या भिंती ओल घेतात आणि ती पुन्हा हवेत सोडतातही. वरून सिमेंटचा गिलावा लावला, की ओल आत कोंडते, लोणा लागतो आणि चिऱ्यांमधली माती सुटू लागते. म्हणजे घर ‘मजबूत’ करण्यासाठी केलेले कामच पुष्कळदा त्याचे दुखणे ठरते.

कायदा खरेदीदाराला संरक्षण देत नाही का?

देतो, पण मर्यादित. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार विक्रेत्याला माहीत असलेला, खरेदीदाराला माहीत नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडला नसता असा महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तसे न करणे फसवणूक मानले जाते. यातील ‘साधारण काळजी’ हे शब्द कळीचे आहेत. फुगलेली भिंत किंवा वाळवी लागलेला खांब नीट पाहिला असता तर दिसला असता, असा युक्तिवाद विक्रेत्याला करता येतो. १८७२ च्या करार कायद्यातील कलम १९ ही याच दिशेने जाते. साध्या तत्परतेने सत्य कळू शकत होते, अशा ठिकाणी समोरचा गप्प राहिला म्हणून करार रद्द करून मागणे अवघड होते. शिवाय मालक अनेक वर्षे मुंबईत राहणारा असेल, तर त्यालाही दोष माहीत नसण्याची शक्यता असते.

रेरा कायद्यात ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी विकासकावर आहे. पण ती नव्या प्रकल्पांपुरती. गावातील जुने घर एका कुटुंबाने दुसऱ्याला विकले, तर तिथे विकासकच नसतो. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. हा कायदाही ग्रामपंचायत हद्दीतील घराला लागू नाही. गृहकर्ज घेतले तर बँकेचा मूल्यांकनकार येतो. त्याचे काम मालमत्तेची बाजारातील किंमत ठरवणे हे असते. माळ्यावर चढून वासे टोचून पाहणे त्याच्याकडून अपेक्षित नसते.

ब्रिटनमध्ये घर घेण्याआधी सर्व्हेअरकडून तपासणी करून घेण्याची रीत रुळलेली आहे. तिथल्या सर्व्हेअरांच्या संस्थेने तपासणीचे तीन स्तर ठरवले असून, जुन्या किंवा बरेच फेरफार झालेल्या घरांसाठी तिसऱ्या, सर्वांत सखोल स्तराची शिफारस केली जाते. आपल्याकडे असा ठरावीक नमुना रूढ नाही. त्यामुळे काय तपासायचे, हे खरेदीदारालाच ठरवून लेखी द्यावे लागते.

तपासणीत नेमके काय पाहायचे?

सुरुवात घराबाहेरून, पाण्यापासून करावी. रायगडच्या किनारपट्टीवर वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पागोळ्यांचे पाणी जोत्याला लागते की लांब पडते? मागच्या डोंगरउताराचे पाणी कुठून वाहते? मधल्या काळात रस्ता उंच झाल्याने अंगण खोलगट झाले आहे का? खाडीलगतच्या घरात उधाणाच्या भरतीचे पाणी कुठपर्यंत येते आणि विहिरीचे पाणी मचूळ होते का, हेही पाहावे.

त्यानंतर जोते आणि भिंती. ओळंबा लावला की भिंत झुकली आहे का किंवा तिला पोट आले आहे का, ते कळते. भेगांची जागा, रुंदी आणि दिशा नोंदवावी लागते. गिलाव्यातील केसासारखी भेग आणि दाराच्या कोपऱ्यातून तिरकी वर जाणारी भेग यांचा अर्थ वेगळा असतो. भेग वाढते आहे का, हे पाहण्यासाठी तिच्यावर काचेची पट्टी चिकटवतात. काही आठवड्यांत पट्टी तडकली, तर भिंतीची हालचाल अजून सुरू आहे.

तिसरी गोष्ट लाकूड. वाळवी वरचा पातळ थर तसाच ठेवून आतून पोखरते. म्हणून खांब ठोकून आवाज ऐकायचा आणि टोकदार सळईने टोचून पाहायचे. तुळया आणि वाशांची भिंतीत गेलेली टोके, खांबांचे बुंधे आणि न्हाणीघरालगतचे लाकूड ही कुजण्याची नेहमीची ठिकाणे. छपराच्या बाबतीत कौलांपेक्षा वासे भिंतीला कसे बांधले आहेत, हे महत्त्वाचे. कौले निदान स्वतःच्या वजनाने बसतात. हलक्या पत्र्याखाली वारा शिरला आणि तो सांगाड्याला नीट जखडलेला नसेल, तर रीपांसह उचलला जाऊ शकतो.

चौथी आणि अनेकदा सर्वांत नाजूक बाब म्हणजे नंतर जोडलेले काँक्रीट. जुन्या घराला मागे संडास-बाथरूम किंवा वर स्लॅब जोडलेला असतो. त्यात किनाऱ्यावरची वाळू वापरली असेल, तर तिच्यातील क्षारांमुळे सळया गंजतात. गंज फुगतो आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. भारतीय मानक ४५६ नुसार प्रबलित काँक्रीटमध्ये क्लोराईडचे प्रमाण घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त नसावे. खाऱ्या हवेला उघड्या असलेल्या बांधकामात सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण हवे. शंका असेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. रिबाऊंड हॅमरसारख्या चाचण्यांनी काँक्रीटच्या ताकदीचा अंदाज येतो. मात्र मातीत रचलेल्या जांभ्याच्या भिंतीचा निर्णय अशा उपकरणावर सोडता येत नाही.

तपासणी कोणाकडून करून घ्यावी?

शक्यतो संरचना अभियंत्याकडून, आणि तोही दगड-लाकडाच्या घरांचा अनुभव असलेला. आयुष्यभर काँक्रीटच्या इमारती पाहिलेला अभियंता जांभ्याचे घर पाहून ‘पाडा आणि नवे बांधा’ असा सल्ला देऊन मोकळा होऊ शकतो. म्हणून सोबत गावातील जाणता सुतार आणि गवंडी घ्यावा. कोणता वासा कधी बदलला, कोणत्या भिंतीत पूर्वी दार होते, हे त्यांना ठाऊक असते. या तिघांपैकी कोणीही विक्रेत्याचा किंवा दलालाचा माणूस नसावा. ज्याला पुढे दुरुस्तीचे काम मिळणार आहे, त्याच्या एकट्याच्या मतावरही विसंबू नये.

पाहणी एकदा पावसाळ्यात व्हावी. गळती, ओल आणि पाण्याची वाट जुलैत जशी दिसते, तशी जानेवारीत दिसत नाही. अहवाल लेखी आणि छायाचित्रांसह असावा. त्यात तातडीची दुरुस्ती, दोन-तीन वर्षांतली दुरुस्ती आणि नेहमीची देखभाल असे तीन भाग करून प्रत्येकाचा अंदाजे खर्च द्यावा. जिथे पोहोचता आले नाही त्या जागाही नोंदवाव्यात. बंद खोली किंवा सामानाने भरलेला माळा यांबद्दल अहवाल गप्प असेल, तर तिथे सारे ठीक आहे असा अर्थ होत नाही.

पाडून नवे बांधले तर?

किनाऱ्यावर हा हिशेब सरळ नसतो. जानेवारी २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार ग्रामीण भागातील ना-विकास क्षेत्रात नव्या बांधकामावर कडक निर्बंध आहेत. आधीपासूनच्या अधिकृत बांधकामाची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी मात्र मूळ चटईक्षेत्र, जोत्याचे क्षेत्र आणि घनता न वाढवता करता येते. म्हणजे घर त्या पट्ट्यात येत असेल, तर जुने जोते आणि ते अधिकृत असल्याचा पुरावा हीच मोठी मालमत्ता ठरते. हे न तपासता आधी घर पाडणाऱ्याच्या हाती केवळ मोकळी जागा उरू शकते.

कागद आणि घर यांची सांगड इथेच घालावी लागते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. मिळकत पत्रिका किंवा सनद झाली असेल, तर तिच्यातील क्षेत्र आणि जागेवरचे मोजमाप जुळते का ते पाहावे. भावकीतील दोन घरांत एकच सामायिक भिंत असेल, तर ती दुरुस्त करण्यासाठी शेजाऱ्याची संमती लागेल. ती व्यवहाराआधी लेखी घेणे सोपे, नंतर कठीण.

अहवालाचा उपयोग कसा करायचा?

तपासणी इसार देण्याआधी होणे उत्तम. ते शक्य नसेल, तर साठेखतात अट घालावी: ठरावीक मुदतीत तपासणी होईल आणि गंभीर दोष आढळल्यास इसार परत मिळेल. अहवालातील दुरुस्तीचा खर्च किंमत ठरवताना पुढे ठेवता येतो. चांगले राखलेले घर विकणाऱ्या कुटुंबालाही यात फायदा आहे. ‘जुने आहे’ एवढ्या कारणाने भाव पाडणाऱ्याला त्यांना अहवालाने उत्तर देता येते.

अहवाल म्हणजे हमी नव्हे. भिंतीच्या पोटातले सारे कोणालाच दिसत नाही आणि पुढचे वादळ किती जोराचे असेल, हे अभियंता सांगू शकत नाही. पण कोणता खांब बदलायचा, कोणते पाणी वळवायचे आणि कोणते घर घ्यायचेच नाही, एवढे तो सांगू शकतो. खरेदीखतावर सही झाली, की हे सारे प्रश्न विक्रेत्याचे राहत नाहीत. पुढच्या पावसाळ्यात त्या छपराखाली झोपणाऱ्या कुटुंबाचे होतात.