चुंबकाला चिकटते ते लोह पिकाला का मिळत नाही?

वलगावजवळ पेढी नदीच्या पात्रातली कोरडी वाळू कागदावर पसरा आणि जुन्या स्पीकरमधले चुंबक कागदाखालून फिरवा. बारीक काळे कण चुंबकामागे पळतील. ते लोहाचे खनिज. आता घरातली मृदा आरोग्य पत्रिका काढा. तीत लोहापुढे ‘कमी’ लिहिलेले असेल, तर पत्रिका खोटी समजू नका.

हे कण मुख्यतः मॅग्नेटाइटचे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होऊन आपला काळा बेसाल्ट झाला, तेव्हाच ते त्यात तयार झाले. खडक कुजून त्यातल्या इतर खनिजांची चिकणमाती झाली; मॅग्नेटाइट चिवट, ते उरले. हळूहळू गंजून त्याचे तपकिरी मॅगहेमाइट होते, तेही चुंबकाला चिकटते. ओल आणि वाळणे आलटूनपालटून चालले की मातीतही असे अतिसूक्ष्म कण नव्याने बनतात. धुऱ्यावर काडीकचरा पेटवला तर तिथली माती जास्त चुंबकीय होते (म्हणून पेटवायचा नाही!).

पण मुळांना लोह लागते ते विरघळलेले. प्रयोगशाळाही एकूण लोह मोजत नाही, डीटीपीए द्रावणात उतरते तेवढेच मोजते. किलोभर मातीत ते साधारण ४.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी आले की कमतरता धरतात. चुनखडीच्या जमिनीत सामू ८ च्या वर गेला की लोह अडकते, पाणी साचले की त्रास वाढतो. मग सोयाबीनची शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. संत्र्यातही हेच दिसते.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या या पत्रिकेत १२ घटक आहेत, पण मुक्त चुनखडी त्यात नाही. आमच्या मते वऱ्हाडासाठी ही मोठी उणीव आहे: रोग कळतो, कारण कळत नाही. कृषी सहायकांनी चुनखडीची तपासणी वेगळी मागून घ्यावी.

अशा जमिनीत नुसते फेरस सल्फेट टाकले तर तेही लवकरच अडकते. उभ्या पिकावर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी मिसळून फवारा. जमिनीतून द्यायचे चिलेट घेताना पाकिटावर ‘ईडीडीएचए’ आहे का पाहा. ‘ईडीटीए’चे लोह जास्त सामूच्या जमिनीत टिकत नाही. आणि मातीचा नमुना गंजलेल्या खुरप्याने काढू नका, त्या गंजाने लोहाचा आकडा फुगतो.