मार्जार-मार्जन

संस्कृतांत मांजराला ‘मार्जार’ म्हणतात. मृज् धातूचा अर्थ पुसणें, स्वच्छ करणें. जो सदैव स्वतःस चाटून-पुसून स्वच्छ ठेवतो, तो मार्जार. ही व्युत्पत्ति मीं शाळेंत वर्षानुवर्षें मोठ्या हौसेनें सांगितली. परंतु गेल्या पावसाळ्यांत वाईच्या आमच्या घरीं तुळशीवृंदावनावर शेजारच्या बोक्यानें जो नित्य अभिषेक आरंभिला, त्यानें तिजवरील माझा विश्वास डळमळीत झाला. पहांटे स्नान करून तुळशीला पाणी घालावयास जावें, तों तो उग्र दर्प नाकांत शिरे आणि मुखांतला श्लोक मुखांतच राही. हा उपद्रव पुष्कळ घरांतून असतो. म्हणून माझी फजिती आणि तिच्यांतून मिळालेलें ज्ञान, दोन्ही वाचकांपुढें ठेवतों.

आमच्या मंडळींचें म्हणणें असें पडलें कीं, काकूंना एकदां जाऊन सांगावें. काकू एकट्या राहतात. मुलगा परदेशीं, आणि तो बोका, बंड्या त्याचें नांव, हीच काय ती त्यांना घरांत सोबत. तक्रार करावयास जीभ रेटेना आणि राग तर आवरेना. तेव्हां मीं भित्र्या माणसाचा मार्ग पत्करला. काळ्या फिनेलची अर्धी बाटली वृंदावनाभोंवतीं ओतली, चौथऱ्याच्या भेगांत डांबरगोळ्या ठेवल्या, आणि ‘आतां ये बघूं!’ असें मनाशीं म्हणून निश्चिंत झालों. पण बोका आला; नुसता आला नाहीं, पूर्वीपेक्षां अधिक शिंपडून गेला.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं कुंपणापलीकडून हांक आली, “मास्तर, जरा येतां का हो? बंड्या उठत नाहीं.”

जाऊन पाहतों, तों बोक्याच्या तोंडांतून लाळ गळत होती आणि पाय लटपटत होते. त्यास टोपलींत घालून आम्ही दोघें साताऱ्यास पशुवैद्यांकडे गेलों. त्यांनीं पंजे हुंगून पाहिले व विचारलें, “घरांत फिनेल वापरतां?” काकू म्हणाल्या, “नाहीं हो.” मला खालीं मान घालून सांगावें लागलें, “त्यांच्या घरीं नाहीं, माझ्या घरीं.”

त्या दिवशीं पशुवैद्यांनीं मला जो पाठ दिला, तो असा. फिनेलमध्यें फिनॉल जातीचीं जीं द्रव्यें असतात, त्यांचें विष उतरविण्याची माणसाच्या यकृतांत जी शक्ति असते, ती मांजराच्या यकृतांत फारच थोडी. ओल्या फरशीवरून चालून आलेलें मांजर पंजे चाटतें आणि विष पोटांत जातें. म्हणजे ज्या संवयीवरून त्यास मार्जार म्हणावयाचें, तीच त्याच्या जिवावर उठते. डांबरगोळ्याही अशाच घातक. शिवाय १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें जनावरास जाणूनबुजून अपायकारक द्रव्य देणें हा गुन्हा आहे. म्हणून उपाय करणाऱ्यानें आधीं हें ध्यानीं घ्यावें.

मुळांत ही नेहमींची लघवी नव्हेच. लघवीस मांजर खालीं बसतें, माती उकरतें आणि झांकतें. परंतु बोका जेव्हां भिंतीकडे पाठ करून, शेपटी ताठ उभी धरून ती थरथरवीत फवारा सोडतो, तेव्हां तो आपल्या वहिवाटीचा दस्तऐवज लिहीत असतो. माद्याही कधीं कधीं असें करतात. खच्ची न केलेल्या बोक्याच्या मूत्रांत फेलिनीन नांवाचें गंधकयुक्त द्रव्य विपुल असतें. त्याचें विघटन होऊं लागलें कीं तो दर्प सुटतो. हें द्रव्य बनण्यास मूत्रांतीलच एका प्रथिनाचें साहाय्य होतें, असें जपानी शास्त्रज्ञांनीं २००६ सालीं दाखविलें. खूण फिकी पडली कीं बोका ती ताजी करतो. मीं फिनेल ओतून त्याचें अक्षर झांकलें. त्यानें येऊन तेंच ठळक गिरविलें!

आतां उपाय. जागा प्रथम साबणाच्या पाण्यानें धुवावी. नंतर एन्झाइम असलेलें जें द्रावण याच कामासाठीं बाजारांत मिळतें, तें भरपूर लावून आपोआप वाळूं द्यावें. तें न मिळाल्यास व्हिनेगरमध्यें समभाग पाणी घालून पुसावें. वाळल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरून मग झाडून घ्यावा. अमोनियाचें द्रावण टाळावें, कारण त्याचा वास मूत्राच्याच जातीचा. ब्लीचिंग पावडर आणि व्हिनेगर कदापि एकत्र करूं नयेत. त्यांतून क्लोरीन हा विषारी वायु निघतो. संत्र्याच्या व लिंबाच्या सालींचा वास पुष्कळ मांजरांना सोसत नाहीं. पण साली वाळल्या कीं बदलाव्या लागतात. खरकटें उघडें ठेवूं नये. बोका दिसल्यास काठी उगारूं नये. भ्यालेला बोका अधिकच शिंपडतो.

मुळावरचा उपाय मात्र एकच, खच्चीकरण. तें भूल देऊन करतात. त्यानंतर दहांपैकीं सुमारें नऊ बोके शिंपडणें सोडतात किंवा पुष्कळ कमी करतात; कांहीं लगेच, तर कांहीं कित्येक आठवड्यांनीं. काकूंना हें प्रथम पाप वाटलें, आणि खरें सांगावयाचें तर मलाही. पण बंड्याच्या फाटलेल्या कानाकडे आणि पाठीवरच्या जुन्या जखमांकडे बोट दाखवून पशुवैद्य म्हणाले, “मोकळा ठेवाल तर हा रोज रात्रीं मारामारी करणार. त्याला सुख कशांत आहे, तें तुम्हींच ठरवा.”

बंड्या वांचला. परततांना एस. टी. मध्यें मीं काकूंची क्षमा मागितली. त्या बराच वेळ टोपलीवर हात ठेवून गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मास्तर, वास येत होता, तर माझ्या दारीं येऊन सांगायचें होतें. मी काय तुम्हांला परकी?” यावर मजपाशीं उत्तर नव्हतें, अजूनही नाहीं.

मांजर मारल्यास काशीस सोन्याचें मांजर वाहावें लागतें, असें लहानपणीं वडील मंडळी सांगत. तें पातक थोडक्यांत चुकलें. सोन्याऐवजीं पुढें शस्त्रक्रियेचा अर्धा खर्च मीं दिला. सगळा देत होतों, पण काकूंनीं घेतला नाहीं. आतां सहा आठवडे झाले. वृंदावन कोरडें असतें. बंड्या सकाळीं चौथऱ्यावर उन्हांत बसून आपले पंजे चाटीत असतो, आणि तुळशीला पाणी घालून झालें कीं मी कुंपणापाशीं जाऊन काकूंची विचारपूस करतों. एवढेंच आधीं केलें असतें, तर फिनेलची बाटली उघडावीच लागली नसती.