धुराचा पाइप कुठे जातो?

गणपतीची मखरं, लग्नपत्रिका, नेमप्लेट, ट्रॉफी ही सगळी कामं आज दहा-बारा फुटांच्या गाळ्यातल्या लेझर कटिंग मशीनवर होतात. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि एमडीएफच्या मखरांना बाजार मिळाला. या गाळ्यांत बहुधा कार्बन डायऑक्साइड लेझर असतो. तो १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये शोधणारे कुमार पटेल बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. सुरक्षेचा विषय निघाला की बोलणं किरण आणि चष्म्यापाशी थांबतं. माझ्या मते लहान गाळ्यात त्याहून मोठा धोका धुराचा आणि आगीचा आहे. कामाचा दर्जाही त्या धुरानेच बिघडतो, म्हणून सुरक्षा आणि धंदा यांचा हिशेब वेगवेगळा मांडणं चुकीचं आहे.

किरणाचा धोका खोटा नाही. पण या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन असते आणि मशीनच्या झाकणाचं अ‍ॅक्रिलिक ती अडवतं. धातू कापणाऱ्या फायबर लेझरची सुमारे १.०६ मायक्रॉन तरंगलांबी मात्र साध्या अ‍ॅक्रिलिकमधून पार होते आणि थेट डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचते. तिथे त्याच तरंगलांबीसाठी बनवलेलं संरक्षण हवं. झाकण उघडताच किरण बंद करणारा स्विच जोडून टाकणं, म्हणजे निकामी करणं, याला कुठलीच सबब नाही. तो स्विच शाबूत असेल तर किरण पेटीत राहतो. धूर राहत नाही.

एमडीएफमध्ये बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो, आणि फॉर्मल्डिहाइडमुळे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. रेक्झिन आणि सनबोर्ड बहुतेक वेळा पीव्हीसीचे असतात. ते कापले की हायड्रोजन क्लोराइड सुटतो. तो फुप्फुसं जाळतो आणि मशीनच्या रेल व बेअरिंगही गंजवतो. गिऱ्हाइकाने आणलेल्या तुकड्याची शंका आली तर तांब्याची तार ज्योतीत लाल करावी, तुकड्याला टेकवावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ही चाचणी मोकळ्या हवेत करायची. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन असण्याची दाट शक्यता. ते काम घेऊ नये. धूर बाहेर खेचणारा ब्लोअर कमजोर असला की धुराची चिकट पुटं लेन्सवर बसतात, लेन्स तापते, कधी तडकते. किरणाची धार बोथट झाली की ऑपरेटर वेग कमी करतो, त्याने माल जास्त जळतो आणि धूर आणखी वाढतो. कडा काळ्या पडल्या म्हणून लेझरच्या ट्यूबला दोष देण्याआधी लेन्स पुसावी आणि पाइप तपासावा.

यावर गाळेवाल्यांचं म्हणणं असतं, की दीड तासाच्या जॉबपाशी माणूस उभा करणं परवडत नाही आणि इतक्या वर्षांत काही झालंही नाही. त्यांची ओढाताण खरी आहे. एकच माणूस डिझाइन, कटिंग आणि फोन सांभाळतो. पण अ‍ॅक्रिलिक पेटलं तर धूर फारसा दिसत नाही, ज्योत मात्र शीटभर पसरते. एअर असिस्टचा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेचा, झोत कापताना ती विझवत राहतो. कॉम्प्रेसर बंद पडला, तर ते कळायला जवळ माणूसच लागतो. त्यामुळे संगणकाचं टेबल मशीनशेजारी, झाकणाकडे तोंड करून ठेवावं. काम अडत नाही. हाताशी कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक हवा, कारण पावडरीने आग विझेल पण आरसे आणि रेल खराब होतील. धुराबद्दलची शेजाऱ्यांची तक्रार हाही आक्षेप रास्त आहे, पण त्यावरचा उपाय ब्लोअर बंद ठेवणं नसून पाइप छपरावर नेणं किंवा कोळशाचं फिल्टर बसवणं हा आहे. तो खर्च नवउद्योजकाला जड जातो, कारण तो कोटेशनमध्ये धरलेलाच नसतो. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज मागणाऱ्याच्या प्रकल्प अहवालात मशीनच्या किमतीखाली ब्लोअर, पाइप, फिल्टर आणि अग्निशामक यांची ओळ असावी, आणि ती नसेल तर बँकेने अहवाल परत पाठवावा.