घालून बघितलं दुकानात, मागवलं फोनवर: अमेरिकेतली मोठी स्पोर्ट्‌स स्टोअर्स का बंद पडली?

ट्रेकिंगचे बूट घ्यायला तुम्ही दुकानात जाता. दुकानातला मुलगा चार बॉक्स उघडतो. एक जोड घट्ट होतो, दुसरा टाचेला घासतो, तिसरा मस्त बसतो. तुम्ही दुकानातच दोन फेऱ्या मारता, हळूच मॉडेलचं नाव फोनमध्ये टाकता आणि तोच बूट ऑनलाइन सहाशे रुपयांनी स्वस्त दिसतो. "विचार करून सांगतो" म्हणून बाहेर पडता आणि जिन्यातच ऑर्डर टाकता.

हे आपण सगळ्यांनी कधी ना कधी केलंय. याला नावही आहे, शोरूमिंग. म्हणजे दुकान फक्त बघायला, खरेदी दुसरीकडे. तुमच्या-माझ्या एका ऑर्डरने कुठलंच दुकान बंद पडत नाही. पण कोट्यवधी लोकांना ही सवय लागली की काय होतं, हे बघायचं असेल तर अमेरिकेत २०१६ आणि २०१७ मध्ये काय झालं ते बघावं लागेल.

दोन वर्षांतली पडझड

अमेरिकेत खेळाचं आणि आउटडोअर सामान विकणारी दुकानं म्हणजे प्रचंड मोठे हॉल. तंबू, स्लीपिंग बॅग, गळ, सायकली, बूट, शिकारीच्या बंदुका, सगळं एका छताखाली. पेनसिल्व्हेनियातल्या हॅम्बर्ग गावचं कॅबेलाज्‌चं दुकान तर अडीच लाख चौरस फुटांचं, म्हणजे जवळपास सहा एकरांचं!

मार्च २०१६ मध्ये स्पोर्ट्‌स ऑथॉरिटी या साखळीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिची ४६० हून जास्त दुकानं होती. आधी ठरलं की १४० च्या आसपास दुकानं बंद करून बाकीची वाचवायची. काही महिन्यांतच सगळ्या दुकानांवर 'क्लोजिंग सेल'चे बोर्ड लागले. डेन्व्हरमधल्या फुटबॉल स्टेडियमला या कंपनीचं नाव होतं. कंपनी संपली तरी स्टेडियमवरचे तिचे बोर्ड २०१८ पर्यंत तसेच होते.

एप्रिल २०१६ मध्ये स्पोर्ट शॅले आणि ईस्टर्न माउंटन स्पोर्ट्‌स या साखळ्यांच्या मालक कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षी गोल्फस्मिथ, २०१७ च्या फेब्रुवारीत एमसी स्पोर्ट्‌स आणि मार्चमध्ये १६० च्या आसपास दुकानं असलेली गँडर माउंटन. एकामागोमाग एक, पत्त्यांच्या बंगल्यासारखं.

फोनने नेमकं काय बदललं?

ऑनलाइन खरेदी तर नव्वदच्या दशकापासून होती. मोठा फरक पडला तो स्मार्टफोनमुळे, कारण त्याने इंटरनेट थेट दुकानाच्या आत आणलं.

२०१० मध्ये ॲमेझॉनने 'प्राइस चेक' नावाचं ॲप काढलं. दुकानातल्या वस्तूचा बारकोड स्कॅन करा, ॲमेझॉनवरची किंमत लगेच समोर. डिसेंबर २०११ मध्ये त्यांनी त्यावर एक ऑफर दिली. दुकानात जाऊन ॲपने किंमत तपासा आणि ती वस्तू आमच्याकडून घ्या, पाच टक्के सूट (जास्तीत जास्त पाच डॉलर). ज्या प्रकारच्या वस्तूंवर ही सूट होती, त्यात खेळाचं सामानही होतं. दुकानदारांचा संताप झाला, आणि ते साहजिकच होतं. भाडं त्यांचं, लाइटबिल त्यांचं, माहिती सांगणाऱ्या पोराचा पगार त्यांचा, आणि गिऱ्हाईक मात्र दुसऱ्याचं.

त्यात कराचा मुद्दा होता. अमेरिकेत विक्रीकर प्रत्येक राज्य आपापला लावतं. १९९२ च्या सुप्रीम कोर्टाच्या एका निकालानुसार, ज्या कंपनीचं राज्यात दुकान किंवा गोदाम वगैरे काहीच नाही, तिच्यावर त्या राज्याचा विक्रीकर गोळा करण्याची सक्ती नव्हती. समजा कर आठ टक्के आहे. तर दुकानातला २०० डॉलरचा तंबू बिलावर २१६ ला पडायचा आणि बाहेरच्या राज्यातून मागवलेला २०० लाच. हा कर ग्राहकाने स्वतःहून भरावा असा नियम होता, पण तो पाळतंय कोण? ॲमेझॉनने विक्रीकर असलेल्या सगळ्या राज्यांत तो घ्यायला सुरुवात केली एप्रिल २०१७ मध्ये, आणि सुप्रीम कोर्टाने जुना निकाल फिरवला जून २०१८ मध्ये. तोपर्यंत स्पोर्ट्‌स ऑथॉरिटीच्या जागांना नवे भाडेकरू शोधणं सुरू झालं होतं.

पण थांबा, गणित जुळत नाही

इथपर्यंतची गोष्ट तुम्ही आधीही ऐकली असेल. ऑनलाइन आलं, दुकानं गेली. पण २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एकूण किरकोळ विक्रीत ऑनलाइनचा वाटा किती होता? फक्त आठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शंभरातले ब्याण्णव डॉलर तेव्हाही ऑनलाइनच्या बाहेरच, मुख्यतः दुकानांतच, खर्च होत होते. मग चारशे-साडेचारशे दुकानांची साखळी मोडते कशी?

याचं उत्तर कर्जात आहे.

२००६ मध्ये लेनर्ड ग्रीन या गुंतवणूक कंपनीच्या पुढाकाराने स्पोर्ट्‌स ऑथॉरिटी सुमारे १३० कोटी डॉलरला विकत घेतली गेली. या व्यवहाराची पद्धत समजून घ्या. समजा, तुमचं चांगलं चालणारं हॉटेल कुणी कर्ज काढून विकत घेतलं, आणि कर्जाचे हप्ते मात्र हॉटेलच्याच गल्ल्यातून फेडायचे असं ठरवलं. धंदा जोरात असेल तोवर हप्ते निघतात. समोर एक नवं हॉटेल उघडलं आणि दहातलं एक गिऱ्हाईक तिकडे गेलं की संपलं. नफा मुळातच थोडा, तो आधी हप्त्यात जातो, मग रंगरंगोटीला आणि नव्या आचाऱ्याला पैसे उरत नाहीत. हॉटेल कळकट दिसतं, आणखी गिऱ्हाईक जातं.

स्पोर्ट्‌स ऑथॉरिटीचं असंच झालं. दिवाळखोरीच्या वेळी डोक्यावर सुमारे ११० कोटी डॉलरचं कर्ज होतं. जानेवारी २०१६ मध्ये दोन कोटी डॉलरहून थोडा जास्त असलेला व्याजाचा हप्ता चुकला आणि दोन महिन्यांत कंपनी कोर्टात. ज्या वर्षांत वेबसाइट सुधारायची, दुकानं बदलायची, त्या वर्षांत पैसा व्याजात गेला. फोनने धक्का दिला हे खरं, पण कर्जाने पाय आधीच बांधलेले होते.

गँडरने विकलेली शिडी

गँडर माउंटनची गोष्ट तर अजूनच चटका लावणारी. ही कंपनी १९६० मध्ये विस्कॉन्सिन राज्यात सुरू झाली ती कॅटलॉग कंपनी म्हणून. छापील पुस्तिका घरी यायची, लोक त्यातून निवडायचे आणि माल टपालाने मिळायचा. म्हणजे ई-कॉमर्सचं सगळं तंत्र तिच्याकडे आधीपासूनच होतं. ग्राहकांच्या याद्या, गोदामं, पॅकिंग, परतीचा माल. फक्त स्क्रीनच्या जागी कागद होता.

१९९६ मध्ये गँडर पहिल्यांदा दिवाळखोरीत गेली आणि तिने हा कॅटलॉगचा धंदा प्रतिस्पर्धी कॅबेलाज्‌ला विकून टाकला. स्वतःकडे ठेवली दुकानं. करारातल्या अटींमुळे पुढची कित्येक वर्षं ती घरपोच विक्रीपासून लांब राहिली. परत त्या धंद्यात उतरेपर्यंत २००८ उजाडलं. इंटरनेट खरेदी वाढत होती त्या बारा वर्षांत गँडर विटा-सिमेंटमध्ये पैसे घालत होती.

तिला एक आधार होता, बंदुका. अमेरिकेत नवी बंदूक ऑनलाइन निवडली तरी ती परवानाधारक दुकानातूनच ताब्यात घ्यावी लागते, त्यामुळे तिथे दुकानाला पर्याय नव्हता. पण ही मागणी राजकारणावर हलते. कायदा कडक होणार अशी भीती असली की लोक धडाधड खरेदी करतात. नोव्हेंबर २०१६ च्या निवडणुकीनंतर ती भीती ओसरली, मागणी घसरली, आणि चारच महिन्यांत गँडर दुसऱ्यांदा दिवाळखोरीत गेली.

नफ्यातली कंपनीही गेली

मग कॅबेलाज्‌चं तरी भलं झालं का? तसंही नाही. १९६१ मध्ये नेब्रास्कात गळाला लावायच्या हाताने बांधलेल्या माश्या टपालाने विकण्यापासून ही कंपनी सुरू झाली. मुख्य कार्यालय सिडनी नावाच्या छोट्या गावात, लोकसंख्या सात हजारांच्या आत. त्यातल्या सुमारे दोन हजार नोकऱ्या एकट्या कॅबेलाज्‌च्या.

कंपनी नफ्यात होती. पण वाढ मंदावली होती. २०१५ मध्ये एलियट या गुंतवणूक फंडाने ११ टक्के हिस्सा घेतला आणि कंपनी विका असा दबाव सुरू झाला. २०१७ मध्ये बास प्रो शॉप्सने ती सुमारे ५०० कोटी डॉलरला घेतली. एका धंद्याला दोन मुख्य कार्यालयं कशाला? सिडनीतल्या शेकडो लोकांना नोकरी तरी सोडावी लागली किंवा गाव तरी. घरं विकायला निघाली, पण अशा गावात घर घेणार कोण?

लिलावात आणखी काय विकलं गेलं?

हा भाग फोन वापरणाऱ्या प्रत्येकाने नीट वाचावा. स्पोर्ट्‌स ऑथॉरिटीचा लिलाव झाला तेव्हा तिचं नाव, वेबसाइट आणि ग्राहकांची यादी डिक्स स्पोर्टिंग गुड्स या प्रतिस्पर्ध्याने दीड कोटी डॉलरला घेतली. त्या यादीत कोट्यवधी ग्राहकांची माहिती आणि ई-मेल पत्ते होते.

या लोकांनी आपली माहिती एका दुकानाला दिली होती, पॉइंट मिळावेत म्हणून. दुकान बुडालं, आणि माहिती दुसऱ्याकडे गेली. बिल करताना "सर, मोबाईल नंबर सांगा" असं कुणी म्हटलं की हे आठवा. दुकानातला माल संपतो, तुमचा नंबर उरतो.

मग टिकलं कोण?

डिक्स टिकलं, आणि चांगलं वाढलं. त्यांनी दुकानालाच गोदाम केलं. ऑनलाइन ऑर्डर आली की जवळच्या दुकानातून माल निघतो, किंवा ग्राहक स्वतः येऊन घेऊन जातो. २०२१ पासून त्यांनी 'हाउस ऑफ स्पोर्ट' नावाची नवी दुकानं काढली. आत चढाईची भिंत आहे, चेंडू मारून बघायची सोय आहे. २०२५ मध्ये डिक्सने फुट लॉकर ही बुटांची मोठी साखळी घेतली.

बास प्रोने दुसरा रस्ता धरला. मेम्फिस शहरात बास्केटबॉलसाठी बांधलेल्या पिरॅमिडमध्ये त्यांनी २०१५ मध्ये दुकान उघडलं. आत पाणथळ जंगल, खऱ्या मगरी आणि राहायला हॉटेल. लोक मगर बघायला येतात आणि गळ घेऊन जातात.

आरईआय ही १९३८ पासूनची सहकारी संस्था आहे. मालक सभासदच, त्यामुळे त्यांना डोक्यावर कर्ज टाकणारा खरेदीदार भेटला नाही. पण तिच्यावरही ताण आहेच. जानेवारी २०२५ मध्ये तिने सहली नेण्याचा विभाग बंद केला आणि चारशेहून जास्त लोकांना काढलं.

ब्रँडची बाजूही बघा. नायकीने दुकानांना बाजूला ठेवून स्वतःच्या ॲपवर जोर दिला, २०१९ मध्ये ॲमेझॉनही सोडलं. नंतर विक्री अडखळली. २०२३ पासून सोडलेल्या काही दुकानांशी तिने पुन्हा जुळवून घेतलं आणि २०२५ मध्ये ॲमेझॉनवर परतली. म्हणजे फक्त ॲपवर सगळं भागत नाही, हे तिलाही कळलं.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे याच धंद्यातलं मोठं दुकान म्हणजे डेकॅथलॉन. ही फ्रेंच कंपनी २००९ मध्ये बेंगळुरूतून भारतात सुरू झाली, आणि पुण्या-मुंबईच्या ट्रेकर मंडळींच्या पाठीवर आज तिच्या सॅक दिसतात. तिथे शोरूमिंग फारसं का चालत नाही? कारण दुकानातला बहुतेक माल तिच्या स्वतःच्या ब्रँडचा आहे. केचुआची सॅक स्कॅन करून तुम्ही किंमत कुणाशी लावून बघणार? ऑनलाइन सापडली तरी बहुतेक वेळा पैसे तिच्याच खिशात जातात.

खरी अडचण आहे ती गल्लीतल्या छोट्या दुकानाची, जिथे सगळ्या कंपन्यांचा माल मिळतो. त्याच्याकडे मगरी नाहीत, स्वतःचा ब्रँडही नाही. त्याच्याकडे आहे तो अनुभव. पावसाळ्यात सह्याद्रीच्या शेवाळलेल्या कातळावर कुठला सोल धरतो आणि कुठला घसरतो, हे रिव्ह्यूमधले स्टार सांगत नाहीत. तो माणूस सांगतो, तेही फुकट.

ऑनलाइन घेऊ नका, असं सांगायला हा लेख नाही. पैसे तुमचे आहेत आणि सहाशे रुपये थोडे नाहीत. पण पुढच्या वेळी फोनवरची किंमत लपवू नका, सरळ दुकानदाराला दाखवा. "यात काही जमतंय का?" विचारा. अनेकदा निम्मा फरक तिथेच मिटतो. उरलेले दोन-तीनशे रुपये त्याने उघडलेल्या चार बॉक्सचे समजायचे की नाही, ते तुम्ही ठरवा.