लवचिकता कोणाची?

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा खापर फोडण्यात आले ते वैमानिकांच्या वाढीव विश्रांतीवर. वास्तविक साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेणारे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. पुरेसे वैमानिक नेमण्यास कंपनीपाशी जवळजवळ दोन वर्षे होती. तरीही ५ डिसेंबरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, रजा साप्ताहिक विश्रांतीत गणू नये, हा निर्बंधच मागे घेतला. मालकवर्गाला लवचिकता मिळते ती अशी, एका दिवसात!

आता छत्रपती संभाजीनगरात घर आणि मुंबईत नेमणूक असलेल्या वैमानिकाचा हिशेब मांडावा. देवगिरी एक्स्प्रेसने एका खेपेस सुमारे सात तास. म्हणजे ४८ तासांतील चौदा तास गाडीतच सरतात आणि कागदोपत्री विश्रांती ठरतात. कंपनीने कामासाठी प्रवासी म्हणून धाडले, तर तोच वेळ कामाचा! दूरस्थ वैमानिकाला कामाचे दिवस सलग, सुट्याही सलग आणि वेळापत्रक पुरेसे आधी मिळावे, ही मागणी विश्रांतीच्या मर्यादा न मोडता पुरविता येते. मात्र त्यासाठी थोडी अधिक माणसे नेमावी लागतात, आणि नफ्याचे गणित तेथेच अडते.

गलेलठ्ठ पगारदारांची कड पक्षाने का घ्यावी, असे काही कार्यकर्ते विचारतील. त्यांनी गावापासून दूरच्या आगारात नेमलेल्या एस.टी. चालकाला त्याच्या सुटीचा हिशेब विचारावा.